लिलावात उचललेली सातवी

उंब्रजमध्ये शाळांचे गणवेश शिवणाऱ्या बायका बऱ्याच आहेत, पण शरयूनं शिवलेल्या शर्टाची कॉलर वर्ष संपलं तरी मान टाकत नाही. मे महिन्यात तिच्या घरात पाय ठेवायला जागा नसते. इकडं निळ्या पँटींचा ढीग, तिकडं पांढऱ्या शर्टांचा, मधल्या फटीत मशीन आणि मशीनवर ती. हे मी मुद्दाम आधी सांगतोय. गावभराच्या पोरांना गणवेश शिवणाऱ्या या बाईनं स्वतःच्या मुलीचं नाव शाळेतून काढलं. त्यावरून लोक जे बोलतात त्यातलं निम्मं खोटं आहे. उरलेलं निम्मं मी सांगतो.

मी लालासाहेब. नववीत मी शाळेला सोडलं का शाळेनं मला, यावर अजून वाद आहे. कायदे मी वाचनालयात बसून वाचले, आणि जे कळलं नाही ते कचेरीत भांडून कळून घेतलं. वीटभट्टीवरची, ऊसतोडीच्या पालांवरची पोरं शाळेत नेऊन बसवायची हे माझं काम. त्याचा पगार कुणी देत नाही, त्यामुळं गप्प बस असंही कुणी सांगू शकत नाही. पोर शाळेबाहेर दिसलं की माझं डोकं फिरतं. शरयूची ओळख झाली तीही डोकं फिरलेलं असतानाच.

तिची मुलगी मयूरी तेव्हा सहावीत होती. पोरीला फिट यायच्या. औषध चालू होतं, पण मधूनच एखादी यायचीच. शाळा खाजगी. त्यांनी शरयूला सांगितलं, वर्गात काही होणार नाही असं डॉक्टरांकडून लिहून आणा. असं कुठला डॉक्टर लिहून देईल? शरयू मिरजेची, तिथल्या जुन्या ख्रिस्ती घरातली, मावशी दवाखान्यात नर्स होती. तिला हे न सांगता कळत होतं. ती घरी येऊन मशीनवर बसली. मला कुणीतरी सांगितलं आणि मी शाळेच्या फाटकात बसलो. गटशिक्षणाधिकारी आले. कायद्याची कलमं मी त्यांना तोंडपाठ म्हणून दाखवली. मयूरी परत वर्गात गेली, आणि मी चौकात पेढे वाटले.

पुढच्याच महिन्यात सकाळच्या प्रार्थनेला, रांगेत उभी असताना तिला फिट आली. कुणी तिला कुशीवर वळवलं नाही. मोठ्या वर्गातल्या एकानं मोबाईलवर ते सगळं शूट केलं. संध्याकाळपर्यंत ते गावभर फिरलं. मयूरीचा बाप सुमंत शिरवळला कंपनीत असतो, सुट्टीला घरी येतो. त्यानं ते कँटीनमध्ये बसून, शेजारच्याच्या मोबाईलवर बघितलं. आपली पोर आहे हे त्यानं शेजारच्याला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी शरयूनं नाव काढलं. मी तिच्या दारात उभा राहून तोंडाला येईल ते बोललो. पळपुटेपणा म्हणालो, असल्यांमुळंच शाळा सोकावतात म्हणालो. ती काज करत होती. सुईतला दोरा संपेपर्यंत तिनं वर बघितलं नाही.

मग म्हणाली, "झालं असेल तर चहा टाकते, दादा. मयूरी झोपलीय, तेवढं हळू बोला."

पुढच्या सुट्टीला सुमंत आला तो ठरवूनच आला होता. त्याची बहीण सांगलीला. नवराबायको दोघं नोकरीला, घरात दोन लहान पोरं.

"ताई म्हणतीया, धाडून द्या तिला," तो म्हणाला. "मिरजेचं दवाखानं जवळ पडतंय. पोरीचं औषिध-पाणी हुईल, ताईच्या पोरास्नी बघंल. हितं ठिवून काय करायचं?"

"आणि शाळा?" मी विचारलं.

"आवं लालासायेब, शाळंनंच तर इस्कोट केला."

शरयू म्हणाली, "मोलकरीण म्हण की सरळ. ताईच्या घरची का होईना."

बरीच बोलाचाली झाली. शेवटी सुमंतनं एक वर्ष दिलं. मुक्त विद्यालयाची आठवीची परीक्षा सातवी न करताही, घरी बसून देता येते, ती पास झाली तर मयूरी घरी राहील, शिकेल. नाही झाली तर सांगली. सुमंत वाईट माणूस नाही. तो दमलेला माणूस आहे, आणि दमलेल्या माणसाला समोर दिसेल ते दार बरं वाटतं.

मयूरीला नर्स व्हायचं होतं. ती मला म्हणाली होती, "काका, फिट आल्यावर माणसाला कुशीवर वळवायचं असतं. आख्ख्या शाळेत ते मला एकटीलाच माहिती होतं, आणि मीच खाली पडलेली."

आता प्रश्न होता पुस्तकांचा. माझ्या मते प्रश्नच नव्हता. साताऱ्याहून मुक्त विद्यालयाची मराठी पुस्तकं आणायची, ती वाचायची, त्यावरच परीक्षा. मी आणूनही दिली. शरयूनं ती चाळली आणि टेबलावर ठेवली.

"काय वाईट आहे यात?" मी विचारलं.

"वाईट काही नाही, दादा. पण तुम्हाला ठाऊक नाही माझ्या पोरीला लोक काय काय सांगतात. शेजारची म्हणते, तुझ्या नवऱ्यानं घरातले देव सोडले म्हणून हिला लागलंय. आमच्या प्रार्थनेला येणारी एक म्हणते, हिच्यात काहीतरी शिरलंय, उपास करा. शाळेत काय म्हणायचे ते सांगत नाही. सगळ्या बाजूनं एकच. मला असं पुस्तक पाहिजे की गणित असो, विज्ञान असो, पानापानावर तिला दिसेल की देवानं तुला नीट बनवलंय. असं पुस्तक असतं. मी पाचगणीला बघितलंय."

मी जास्तच चिडलो.

तिनं ते बघितलं होतं पाचगणीच्या एका बाईंकडं, त्या आपल्या मुलांना घरीच शिकवायच्या. मी मायलेकींबरोबर तिथं गेलोही. भिंतभर फळी, फळीवर परदेशातून मागवलेले ख्रिस्ती अभ्यासक्रमाचे संच, प्रत्येक इयत्तेचा एक. प्रत्येक पानाच्या खाली एक वचन, कोपऱ्यात चित्र, गुळगुळीत कागद. बाई भल्या होत्या. त्यांनी मयूरीला जवळ बसवलं, नाव विचारलं, स्ट्रॉबेरी दिली. पण संच द्यायचा विषय निघाला नाही, त्यांची धाकटी अजून सातवीचाच संच वापरत होती. घाट उतरताना शरयू बसच्या खिडकीबाहेर बघत राहिली. मुलगी मात्र म्हणाली, "मम्मी, पुस्तक भारी होतं, पण बर्फ लय होता त्यात."

इथं मला शरयूच्या मंडळीतली, म्हणजे तिच्या चर्चमधली, एक पद्धत सांगायला पाहिजे. मी त्या धर्मातला नाही, कुठल्याच नाही. तरी त्यांच्या हंगामाच्या सणाला मी दरवर्षी जातो, कारण तिथला लिलाव. लोक शेतातलं, घरातलं काहीबाही वेदीपुढं आणून ठेवतात. गुळाची ढेप, कोंबडी, नारळ, अंडी, भोपळा. प्रार्थना झाली की मांडवात त्याचा लिलाव होतो. पैसा मंडळीला जातो, त्यामुळं जो तो चढा बोल लावतो. आणि एक नियम. वेदीवरनं उचललेली वस्तू हा आशीर्वाद. ती विकायची नाही, टाकायची नाही, तिला नाव ठेवायचं नाही. वापरायची, नाहीतर पुढच्या सणाला परत वेदीवर ठेवायची.

लिलाव बोलतात नारायणमामा. एसटीत कंडक्टर होते, आवाज अजून आख्ख्या गाडीला पुरतो.

"अंडी गावठी, बोल लावा. काय रं विश्वजित, खाली काय बघतूस? बायकू शेजारीच हाय, तिलाच इचार."

"मामा, तिनंच आणल्यात ती अंडी. घरची अंडी पैसं देऊन खाऊ व्हय?"

"मग काय झालं? देवाच्या दारात गडी घरचंच इकत घेतूय."

त्या फेब्रुवारीत पाचगणीच्या बाई पाहुण्या म्हणून आल्या होत्या. देश सोडून मुलांसकट निघाल्या होत्या, म्हणून निरोपाला. येताना स्ट्रॉबेरीच्या पेट्या आणल्या आणि एक मोठा खोका. स्ट्रॉबेरी हां हां म्हणता उठली. मग मामांनी खोक्यावर थाप मारली.

"ह्ये पुस्तकं हायती. इंग्रजी. सातवीची. कुणी शिकणारा हाय का, का समदी शिकून बसलायसा?"

लोक हसले. मी शरयूकडं बघितलं. ती हसत नव्हती. महिनाभर ती देवाजवळ एकच मागत होती, कुठली पुस्तकं घेऊ ते दाखव. आणि खोका चालत वेदीपुढं आला होता. माझ्यासारख्याला तो योगायोग. तिला तो निकाल होता. तिनं पहिलाच बोल असा लावला की मांडवातल्या सगळ्या माना तिच्याकडं वळल्या. कापडाच्या कडा पक्क्या करणारं ओव्हरलॉकचं मशीन घ्यायला तिनं पैसे बाजूला टाकले होते, त्यातले. मामांनी इकडंतिकडं बघितलं, तीन वेळा विचारलं आणि खोका तिचा झाला.

घरी येऊन उघडला तर पुस्तकं निम्मी लिहिलेली. पाचगणीच्या मुलीनं पेन्सिलनं उत्तरं भरलेली होती, सुंदर अक्षरात. शरयू म्हणाली, दुसऱ्याची उत्तरं समोर ठेवून माझी पोर शिकायची नाही, ती फसवणूक झाली. सकाळचं शिवण आटपलं की रोज दुपारी खोडरबर घेऊन बसायची. पान न् पान खोडलं. टेबलावर रबराचा काळा चुरा, फडक्यानं झटकायचा आणि पुढचं पान.

सगळं खोडून झाल्यावर तिला कळलं की खोक्यात उत्तरांचं पुस्तक नाही. असल्या संचात शिकवणाऱ्यासाठी ते वेगळं असतं, ते पाचगणीलाच राहिलं होतं किंवा रद्दीत गेलं होतं. बाईंचा फोन लागेना, नंबर बंद. म्हणजे घरात जेवढी बरोबर उत्तरं होती तेवढी शरयूनं स्वतःच्या हातानं पुसली होती. आणि तिचं इंग्रजी नर्स मावशीकडून ऐकलेल्या औषधांच्या नावांपुरतं.

मी म्हणालो, "आता तरी माझी पुस्तकं काढ. ही ठेव कपाटात, नमस्कार कर पाहिजे तर."

"वेदीवरनं उचललंय, दादा. त्याच्यावर दुसरं ठेवलं म्हणजे मी त्याला नाव ठेवल्यासारखं झालं."

"अगं पण परीक्षा या पुस्तकांवर नाही. तुझ्या त्या पुस्तकात कृष्णा नदी आहे का? गुंठा आहे का? ग्रामपंचायत आहे का?"

"देव आहे," ती म्हणाली. "बाकीचं तो बघेल."

मी तिथून उठून आलो. बरेच दिवस गेलो नाही.

पुन्हा गेलो तेव्हा मायलेकी शिकत होत्या. शरयू मशीनवर, मयूरी शेजारी पाटावर. मुलगी वाचायची, अडलेला शब्द मोबाईलवर बघायची, आईला मराठीत सांगायची. गणितं डॉलरची, दूध गॅलनमध्ये, अंतर मैलात तर उन्हाळा फॅरनहाइटमध्ये.

"काका, हितं लिहिलंय की अंगणातल्या मेपलच्या झाडाचं पान चिकटवा," मयूरी म्हणाली.

"मग काय चिकटवलंस?"

"कढीपत्ता."

आई हसली. मला बरं वाटलं, उगाच का होईना. पोरीचा चेहरा उजळला होता. फिट कमी झाल्या होत्या. पानाखालची वचनं ती पाठ म्हणायची, आणि एक तर तिनं मराठीत करून मशीनच्या फळीवर खडूनं लिहिलं होतं. शरयू म्हणत होती ते अगदीच खोटं नव्हतं, ते पुस्तक पोरीशी गोड बोलत होतं. एवढं मी कबूल करतो, पुढं नाही.

शरयू चहाला दूध आणायला गेली तेव्हा मयूरीनं मला वही उघडून दाखवली, पुस्तकात पेन्सिलनं भरलेली उत्तरं ती तपासायला वहीत उतरून काढायची. प्रत्येक पानावर लाल पेनानं बरोबरची खूण.

"मम्मीला उत्तर कळत नाही," ती हळूच म्हणाली. "मी मन लावून लिहिलं का ते बघते आणि खूण करते. परवा मी मुद्दाम चुकीचं लिहिलं. एका पानावर तर नुसते आकडे टाकले. तिनं सगळ्याला बरोबर दिलं."

"मग सांगितलंस का तिला?"

"नाही." वही मिटून ती म्हणाली, "तिला लय आनंद झालता, काका."

मी माझी पुस्तकं तिच्या हातात दिली, चोरून वाच म्हणालो. तिनं मान डोलावली. वाचली असतीलही थोडी. पण त्या घरात खोली एकच, चोरून वाचायला आडोसा कुठला?

डिसेंबरात परीक्षा झाली. केंद्र साताऱ्याला होतं. मी दोघींबरोबर गेलो. शरयू बाहेर चिंचेखाली डोळे मिटून बसून राहिली. मयूरी पेपर देऊन बाहेर आली, चप्पल घातली, पाणी प्यायली.

"कसा गेला?" मी विचारलं.

"काका, प्रश्न सगळे इथलेच होते."

एवढंच. निकाल जानेवारीत लागला. इंग्रजी सुटलं, चांगल्या मार्कांनी. मराठी, गणित आणि सामाजिक शास्त्र राहिलं.

मी सुमंतला सांगितलं, राहिलेले विषय परत देता येतात, निम्मं वर्षही लागणार नाही. कायदा सांगितला, पोरीला कामाला लावलंस तर कुठं जाऊन काय करीन तेही सांगितलं.

"कामाला कोण लावतंय?" तो म्हणाला. "आत्त्याचं घर हाय. आत्त्याच्या घरी ग्येल्यावर पोरगी कपबशी उचलती का न्हाई? मग त्येला तुमी काम म्हणनार व्हय?"

याच्यावर कुठलं कलम लागत नाही. मी सगळी बघितली.  वर्ष शरयूनंच मागून घेतलं होतं, पुस्तकंही तिनंच निवडली होती. सुमंत मयूरीला सांगलीच्या गाडीत बसवायला गेला. शरयू दारापर्यंत आली आणि तिनं पोरीच्या फ्रॉकची कॉलर सरळ केली, ती सरळच होती.

त्यानंतर ती परत खोडरबर घेऊन बसली.

"आता काय करतेस?" मी विचारलं.

"सणाला परत ठेवायचंय वेदीवर. लिहिलेलं कसं ठेवू?"

मयूरीचं आख्खं वर्ष तिनं पुसलं. डॉलर पुसले, गॅलन पुसले. कढीपत्ता वाळून चिकटला होता, तो नखानं काढला. दोनदा खोडून कागद इतका पातळ झाला होता की एका पानातून पलीकडचं दिसायचं. मी तिथं बसून राहिलो. 

सणाला खोका वेदीपुढं होता. मामांनी थाप मारली, पण हलकीच, गाव लहान आहे, मयूरीचं सगळ्यांना कळलेलं. "पुस्तकं. सातवी." कुणी हसलं नाही. मला वाटलं कुणी उचलणार नाही, आणि तेच बरं.

मागच्या रांगेतून सृष्टीनं बोल लावला. ही मंडळीत नवीनच यायला लागलेली, विशीतली. पोरगी तिसरी-चौथीत, वर्गात बोलत नाही म्हणून शाळेतून काढायच्या बेतात होती. "आत्तापास्नं घिऊन ठिवती," ती शेजारणीला म्हणाली. "इंग्रजी बगा की कसलं हाय, आणि देवाचं बी."

तिचे डोळे मी ओळखले. शरयूनंही ओळखले असतील.

शरयूनं चढा बोल लावला.

मामा थबकले. "शरयू, तुजंच दान तूच उचलतीस?"

"व्हय, मामा."

सृष्टीनं वाढवलं. शरयूनं त्याच्यावर वाढवलं. अंड्यावर, ढेपीवर अशी चढाओढ लागली की मांडव रंगतो, टाळ्या पडतात. इथं कुणी हलेना. आणखी एकदा सृष्टी बोलली, मग तिचा नवरा काहीतरी पुटपुटला आणि ती गप्प झाली. खोका शरयूचा झाला.

सृष्टी उठून पुढं आली. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "सोताच्या पोरीचं झालं न्हाई, म्हणून दुसऱ्याच्या पोरीचं बी हू द्यायचं न्हाई. असली माणसं वेदीजवळ बसत्यात."

शरयू खाली बघत होती. उत्तर एका वाक्याचं होतं. बाई, यात उत्तरं नाहीत, आणि परीक्षेला हे विचारत नाहीत. पण वेदीवरच्या वस्तूला नाव ठेवायचं नाही. मी उठलो. मला कसला नियम, मी सांगणार होतो सगळं.

"बसा, दादा," शरयू म्हणाली. "हे शाळेचं फाटक नाही."

अधिकाऱ्यांनी सांगून मी कधी बसलो नाही, पोलिसांनी सांगून नाही. त्या दिवशी बसलो.

खोका आता तिच्या मशीनखाली आहे. ओव्हरलॉक अजून आलेलं नाही. मयूरी सांगलीहून रविवारी फोन करते, पोरं रडत असतात म्हणून लवकर ठेवते. मी दोनदा आत्याच्या घरी जाऊन आलो. दोन्ही वेळा पाणी मयूरीनं आणून दिलं, आणि दोन्ही वेळा आत्या म्हणाली, बघा, कशी घरच्यासारखी राहते. राहिलेल्या विषयांचं मी विचारलं तर मयूरी म्हणाली, बघू काका. बघू हा शब्द तिनं बापाकडून उचललाय.

जूनमध्ये सृष्टीनं पोरीचं नाव शाळेतून काढलंच. मोबाईलवर बघून कुठूनतरी दुसरा संच मागवला, असलाच, देवाचा. शरयूशी ती बोलत नाही. समोरून आली तर पदर सारखा करत दुसऱ्या बाजूनं जाते.

हे मी शरयूला सांगितलं तेव्हा ती शर्टाला कॉलर लावत होती. कॉलर पुरी झाली. मग मशीन थांबलं.

"दादा, एवढं काम करा. तिला विचारा, उत्तरांचं पुस्तक आलंय का बरोबर. नसेल तर आत्ताच मागव म्हणावं."

मी गेलो. सृष्टी दारात गहू निवडत होती. मी निरोप सांगितला.

सुपातून नजर न काढता ती म्हणाली, "तिला म्हणावं, आपलं बघ."